गेलेल्या माणसांचे चष्मे

"राखेत काच तं नाई सापडली, बाबूजी?"

माझ्या आजीची राख सावडून बाबा वैनगंगेवरून नुकतेच परतले होते आणि अंगणात पायांवर पाणी घेत होते. फाटकाला सायकल टेकवून उभ्या असलेल्या माणसानं त्यांना हा प्रश्न विचारला, तोही दूध आलं का म्हणून विचारावं तसा. मी दाराआड बाबांसाठी पाण्याचा पेला घेऊन उभी होते. पेला हातातच राहिला.

बाबांनी मान हलवली. "नाही सापडली."

"मंग बरं हाय," तो माणूस म्हणाला. "मतलब चष्मा संग नाई गेला. घरातच हाय."

मी जबलपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आणि मग तिथल्याच कॉलेजात, सगळी मिळून चौदा वर्षं हॉस्टेलवर काढलेली मुलगी. मरणाच्या घरी आवाज खाली आणि नजरही खाली, एवढं आम्हाला नीट शिकवलेलं होतं. राखेत काच शोधणारा माणूस आमच्या शिकवणीत कुठं बसत नव्हता. बाबा आता त्याला हाकलून देतील म्हणून मी वाट पाहत राहिले. बाबांनी त्याला खाट दिली आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

हे रामटेके कंपाउंडर. आमच्याच वॉर्डात, आमच्यापासून तिसरं घर. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं मलमपट्टी करून ते रिटायर झाले होते. किडकिडीत बांधा, पांढऱ्या मिशा, आणि भर मे महिन्यात अंगात काळा कोट. त्या उन्हात बालाघाटची कुत्रीसुद्धा नालीत पाय बुडवून बसत, पण कंपाउंडरच्या कोटाचं वरचं बटणही उघडं दिसत नसे. कोणी विचारलंच तर म्हणत, "सरकारी सवय हाय, बापा. सुटत नाई."

चष्म्याची गोष्ट अशी. त्या काळी गावोगाव मोतीबिंदूची शिबिरं भरत. शाळेच्या खोलीत बाकं जोडून डोळे कापत, आठ दिवस पट्टी ठेवत, आणि मग एक जाड भिंगाचा चष्मा देत. घासलेट-दिव्याच्या तळासारखी जाड काच. बहुतेकांना नंबर एकच, दहा. तो चष्मा असेपर्यंत माणूस डोळस, फुटला की पुन्हा आंधळा. नवा घ्यायचा तर गोंदिया गाठा, नाहीतर नागपूर. खेड्यातल्या म्हाताऱ्याला कोण नेणार?

शिबिरांत हाताखाली काम करता करता कंपाउंडरच्या डोक्यात एक साधा हिशेब बसला. मेलेल्या माणसाला चष्म्याचा उपयोग नाही, आणि जिवंत माणूस आंधळा बसलाय. रिटायर झाल्यावर त्यांनी दुसरं काही केलं नाही. जिथं कोणी म्हातारं माणूस गेलं तिथं तिसऱ्या दिवशी हजर व्हायचं, चष्मा मागायचा, आणि दुसऱ्या गावच्या म्हाताऱ्याच्या नाकावर नेऊन बसवायचा. "नजर वाया जाऊ नये," एवढंच त्यांचं म्हणणं. दिवसातून दहा वेळा म्हणत.

काम पुण्याचं, पण माणसाला बोलायची रीत म्हणून नव्हती. रस्त्यात कोणी वयस्क भेटला की कंपाउंडर सायकलवरून उतरत, आणि अगदी मायेनं विचारत, "तब्येत कशी हाय?" तो बिचारा तिथल्या तिथं घामाघूम. त्यांच्या सायकलची घंटी वाजली की ओट्यावरचे म्हातारे चष्मे काढून बंडीच्या खिशात घालत, आणि घंटी लांब गेली की पुन्हा लावत. एका लग्नात तर त्यांनी कहर केला. नवरदेवाच्या आजोबांच्या पंगतीतच बसले आणि वरणात भात कालवता कालवता म्हणाले, "तुमचा नंबर म्या पक्का करून ठेवला, आजोबा. लिंगा गावचा धोंडू वाट पाहून राह्यला." नवरदेवाकडची माणसं उठून उभी राहिली होती म्हणे.

सगळ्यात गाजलेली गोष्ट खैरलांजीच्या कोंडूजींची. कोंडूजी गेले अशी वार्ता आली. कंपाउंडर पहिली बस पकडून गेले. बघतात तर कोंडूजी खाटेवर बसून मासोळीचा रस्सा ओरपतायत.

"काहून आला गा, कंपाउंडर?"

"काही नाई. इकडूनच चाललो होतो."

"लबाड बोलू नको. चष्मा न्यायले आला." कोंडूजींनी काटा काढून बाजूला ठेवला. "कोणाले देशील?"

"टोलीवरच्या डोमाले."

"त्याले घेऊन ये. मले पाहू दे माणूस कसा हाय. असा कोणाच्याही नाकावर नाई बसू देणार मी."

कंपाउंडरनी शेजारच्या वस्तीवरून डोमाला हात धरून आणलं. कोंडूजींनी त्याला तासभर प्रश्न विचारले: दारू पितोस का, बायकोला मारतोस का, चष्मा रात्री कुठं ठेवशील. शेवटी पसंत पडला. त्यानंतर बाजाराच्या दिवशी तो एकच चष्मा दोघं वापरू लागले. अर्धा बाजार डोमा पाहायचा, अर्धा कोंडूजी. आणि दोघं भांडायचे, कारण डोमाच्या वाट्याला नेहमी भाजीबाजार यायचा आणि बैलबाजार कोंडूजी स्वतःकडे ठेवायचे.

हे सगळं मला आईनं सांगितलं, हसत हसत. मी हसले नाही. मला त्या माणसाची भीती वाटत होती, आणि भीतीला कारण होतं.

आजीचा चष्मा माझ्याजवळ होता.

ती गेली त्या सकाळी बायका तिला अंघोळ घालत होत्या. कोणीतरी तिचा चष्मा काढून खिडकीत ठेवला. मी तो उचलला आणि माझ्या रंगांच्या पत्र्याच्या डब्यात, वड्यांच्या कप्प्याखाली ठेवून दिला. का, ते त्या वेळी मला सांगता आलं नसतं. हॉस्टेलमधून सुट्टीत आले की घरात मला बोलता येत नसे. माझी मराठी पुस्तकी, बाकीच्यांची वेगळी, आणि बाहेर सगळी हिंदी. मी तोंड उघडलं की भाऊ खिदळायचा. आजी एकटी तशी नव्हती. ती तिच्या जाड काचांमागून माझ्याकडे पाहायची. त्या काचांत तिचे डोळे पेरूएवढे मोठे दिसत, आणि मी बोलेपर्यंत ते हलत नसत. उजव्या काचेवर तिच्या अंगठ्याचा तेलकट ठसा राहिला होता. मी तो पुसला नव्हता. रोज झाकण उघडायची, ठसा आहे याची खात्री करायची, आणि झाकण लावायची.

कंपाउंडर रोज येत. "सापडला काय, वहिनी?" आई बिचारी खरोखर शोधत होती. तांदळाच्या कणग्यात हात घालून झाला, गादीची शिवण उसवून झाली.

"राजेगावची भागरताबाई बसून राह्यली, वहिनी. तिचा दहाचा चष्मा विहिरीत पडला. पोरगा भिलाईले, पोरगी नागपूरले. चूल पेटवता पेटवता हात भाजून घेतला तिनं. आता चूलच नाई पेटवत. पोहे भिजवते अन् खाते. दोन टाइम पोहे." मग ते आजीच्या रिकाम्या खाटेकडे पाहत. "आजीचा दहाच होता. म्याच देलता शिबिरात."

कोणी चष्मा द्यायला कुरकुर केली की त्यांच्याजवळ एक हुकमी उत्तर होतं. शेजारच्या घरी ते देताना मी स्वतः ऐकलं. "म्या माह्या बायकोचा देला! ती गेली, अन् तिसऱ्या दिवशी देला. दांडी मोडकी होती, तिले म्याच निळा दोरा गुंडाळला होता. आज खैरलांजीकडची एक बाई तो घालून गहू निवडून राह्यली. मले जड नाई गेलं, तुम्हाले काहून जाते?"

शेजाऱ्यांनी कपाटातून चष्मा काढून दिला. मी घरात येऊन रंगांचा डबा गादीखाली सरकवला. बायकोचा चष्मा तिसऱ्या दिवशी देणारा माणूस! मला वाटलं, याच्या छातीत बँडेजचा गुंडाळा असेल.

आणि मग एक दिवस बाबांनी मला त्याच माणसाच्या हवाली केलं.

झालं असं, की कंपाउंडरची एक वही होती. कुठल्या गावात कोण म्हातारं, कोणाला कुठला नंबर, सगळं त्यात. पण अक्षर असं, की त्यांचं त्यांनाही लागत नसे. बाबा म्हणाले, "आमची शीला नकाशे चांगले काढते. तिच्याकडून एक काढून घ्या." मला म्हणाले, "भिंतीशी बोलत बसण्यापेक्षा बरं."

कंपाउंडरनी मला पहिल्या दिवसापासून 'मिस' केलं. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणजे मिस. "मिस, जिल्हा काढा. अन् जिथं साठीच्या वरचं माणूस हाय तिथं लाल ठिपका द्या. मी बोलतो, तुम्ही ठिपका मारा."

दुपारी आमच्या ओसरीवर ते वही वाचत आणि मी ठिपके मारी. लाल रंगाची वडी त्या डब्यातच. म्हणजे रोज दोन तास आजीचा चष्मा त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर असे, वर फक्त रंगांचा कप्पा. ब्रश बुडवताना मी दुसऱ्या हातानं डबा माझ्याकडे ओढून धरायची. त्यांना वाटायचं, पोरगी लाजाळू आहे.

"खैरलांजीजवळ एक ठिपका जरा मोठा काढा, मिस," एकदा ते म्हणाले. "तथी माह्या बायकोचा चष्मा हाय." मी मोठा काढला.

वहीत एक रकाना होता: 'पहिलं काय दिसलं'. चष्मा नाकावर चढवायच्या आधी ते तोंडाची वाफ देत, सदऱ्याच्या टोकानं काच पुसत, उजेडात धरून पाहत, पुन्हा पुसत. मग माणसाला घालत आणि विचारत, "सांगा, पहिलं काय दिसलं?" ते लिहून घेत. कोणाला छपराच्या कवेलूवरचं मांजर दिसलं होतं. कोणाला स्वतःचेच पाय. एका बाईनं म्हटलं होतं, 'सून. लई वाळली.' आणि एक म्हातारा कंपाउंडरकडेच पाहून म्हणाला होता, 'तू हायेस काय? आवाजावरून मले वाटलं, जवान असशील.' तेही त्यांनी इमानदारीनं लिहिलं होतं.

दोन आठवड्यांनी नकाशा पुरा झाला आणि मी तो भिंतीला टेकवून लांबून पाहिला. खाली राजेगावकडे, गोंदियाच्या रस्त्यानं, लाल रंगाची दाटी. ठिपक्यावर ठिपका. खैरलांजीकडेही बरेच. पण वर परसवाड्याच्या पुढं, जंगलाकडे, कागद जवळजवळ कोरा.

मला वाटलं, काम अर्धवट आहे. मी धीर करून विचारलं, "काका, इकडे तुम्ही गेला नाहीत का?"

"गेलतो ना. पायी पायी गेलतो."

"मग ठिपके?"

"तिकडं माणूस म्हातारा होतच नाई, मिस."

ते वही बंद करत होते.

"त्याच्या आधीच जाते. तापानं जाते, बाळंतपणात जाते, कशानंही जाते. म्या चष्मे घेऊन गेलतो पिशवीभर. घालायले डोळेच नाई मिळाले. परत घेऊन आलो." मग त्यांनी राजेगावच्या दाटीवर बोट ठेवलं. "अन् इकडं उलटं. इकडं म्हातारेच उरले. जवान सगळे गोंदियाले, नागपूरले, भिलाईले. घरात दोन म्हातारे अन् तिसरं कुलूप."

मी शाळेत जगाचे नकाशे काढले होते. गव्हाचे, कापसाचे, पावसाचे. कोऱ्या जागेचा अर्थ तिथं 'काही पिकत नाही' असा असे.

"उद्या राजेगावले चला, मिस," जाता जाता ते म्हणाले. "भागरताबाईसाठी दोन चष्मे मिळाले. दहाचे नाईत, पण नंबर जुळला तं जुळला. तुम्ही 'पहिलं काय दिसलं' लिहा. तुमचं अक्षर राहील."

बसमध्ये मी खिडकीशी, मांडीवर वही आणि रंगांचा डबा. डबा कशाला घेतला, असं त्यांनी विचारलं नाही. ठिपक्यासाठी असेल असं त्यांना वाटलं असणार. मी तो घरी ठेवू शकले नव्हते, आईनं सगळ्या गाद्या उन्हात टाकल्या होत्या.

भागरताबाईचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. तिच्या उजव्या हाताला लुगड्याची चिंधी बांधलेली. चुलीत राखही नव्हती. शेजारी भिजवलेल्या पोह्यांची वाटी, तिच्यावर झाकण म्हणून दुसरी वाटी.

"कोण हाय संगं?" तिनं मान तिरकी केली. "पायाचा आवाज नवा हाय."

"आमच्या मिस हायत. इंग्रजी शिकल्या."

"मंग बोलत काहून नाई?"

"बोलतील. टाइम लागते."

म्हातारी हसली. "इंग्रजीत बोलली तरी चालल बाई, इकडं कोणी बोलतच नाई."

कंपाउंडरनी पहिला चष्मा पुसला, वाफ दिली, पुन्हा पुसला, आणि तिला घातला. "सांगा, पहिलं काय दिसलं?"

"धूर."

दुसरा घातला.

"जास्त धूर." मग तिनंच समजूत काढल्यासारखं म्हटलं, "असू दे, बापा. तू एवढ्या उन्हात आलास. पोहे खा थोडे."

ती वाटी चाचपत होती. तिची भाजलेली बोटं आधी पाण्याच्या गडव्याला लागली, मग जमिनीला, मग वाटीला. मी वहीत पाहत राहिले. उघड्या पानावर अजून काही लिहिलेलं नव्हतं.

"आजीचा सापडला असता तं..." कंपाउंडर म्हणाले आणि थांबले. मला नाही, असंच, चुलीकडे पाहून.

मग ते उठून पडवीत गेले. आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, घाम पुसत असतील. मग त्यांचे हात वर गेले, आणि मी त्यांना प्रथमच कोटाची बटणं काढताना पाहिलं. एक, दोन, तीन. आतल्या खिशातून त्यांनी एक फडक्याची पुरचुंडी काढली. गाठ जुनी असावी, दातानं सोडवली.

आत एक चष्मा होता. त्याच्या एका दांडीला निळा दोरा गुंडाळलेला होता.

मला आधी वाटलं, मी चुकीचं पाहतेय. खैरलांजीकडच्या बाईच्या नाकावर असलेला, तिसऱ्या दिवशी दिलेला, मोठ्या लाल ठिपक्याचा तो चष्मा! लोकांच्या तोंडावर फेकून त्यांची तोंडं बंद करणारा! कुठली बाई नव्हती. गहू नव्हते. मी मारलेला ठिपका कोणाचाच नव्हता. तो चष्मा इतकी वर्षं, उन्हाळा, पावसाळा, त्या कोटात होता.

ते आत येऊन भागरताबाईसमोर उकिडवे बसले. डाव्या हातानं सदऱ्याचं टोक धरलं, काचेपर्यंत नेलं, आणि हात तिथंच थांबला. वाफ दिली नाही. उजेडात धरलं नाही. पुसलं नाही. तसाच उचलून तिच्या कानांवर चढवला.

"सांगा," ते म्हणाले, "पहिलं काय..."

"दिसते, बापा! दिसते! तूच हायेस," म्हातारी म्हणाली. तिनं मान पुढं केली, मागं केली. "पण मधात डाग हाय काहीतरी. बोटाचा डाग. पूस ना गा."

"हौ. पुसतो."

त्यांनी चष्मा तिच्या डोळ्यांवरून काढून हातात घेतला. सदऱ्याचं टोक पुन्हा काचेजवळ नेलं. आणि तसेच बसून राहिले.

तो डाग काय आहे, ते त्या खोलीत दोनच माणसांना माहीत होतं. मी डब्याचं झाकण उघडलं. रंगांचा कप्पा उचलून बाजूला ठेवला. पत्रा वाजला तसे ते वळून पाहू लागले, आधी डब्यात, मग माझ्याकडे. मी आजीचा चष्मा बाहेर काढून पुढं धरला. भागरताबाई माझ्या दिशेला तोंड करून वाट पाहत होती, आजी पाहायची तशीच, न हलता.

"काका," मी म्हणाले, "तो तुमच्या कोटात ठेवा. माझ्या आजीचा इथे आहे. पुसायचं तेवढं तुम्ही करा, माझ्याच्यानं होत नाही."